रोपवाटिकेतलं पाणी: बारीक नळीतल्या प्रवाहाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. मामांचा मळा, सांगोला तालुका

मामांनी शेडनेटमध्ये भगवा जातीच्या डाळिंबाच्या गुटी कलमाची साठ रोपं पिशव्यांत लावली आहेत. पाण्याची सोय साधी आहे. लोखंडी अँगलच्या घोडीवर २०० लिटरचा काळा ड्रम, त्याखाली कॉक, कॉकला १६ मिमीची लॅटरल (ठिबकची मुख्य नळी) आणि लॅटरलमधून प्रत्येक पिशवीत एक मीटर लांबीची मायक्रोट्यूब, म्हणजे अगदी बारीक नळी. मोटर नाही, दाब फक्त उंचीचा. ड्रममधल्या पाण्यापासून नळीच्या तोंडापर्यंत टेपने मोजलं, दीड मीटर भरलं.

तक्रार अशी की एका आठवड्यात रोपं माना टाकतात आणि पुढच्या आठवड्यात पिशव्यांवर शेवाळ धरतं. दोन रोपं उपटून पाहिली. मुळ्या तपकिरी पडल्या होत्या, बोटांत धरल्या की साल सुटून यायची. हा जास्त पाण्याचा मार. पण मामा तर रोज मोबाइलवर वेळ लावून बरोबर अर्धा तास कॉक उघडतात.

दुकानदाराने सांगितलं, नळ्या चोक झाल्या असतील. शेजाऱ्याने सांगितलं, फिल्टर बदला. मामांचं म्हणणं मात्र वेगळंच.

"दुपारी पाणी जादा पडतंय, पहाटं कमी. कॉक त्योच, ड्रम त्योच, येळ तीच. मी डोळ्यानं बघतोय की गं."

मी आधी ड्रमच्या पातळीबद्दल विचारलं. पातळी दोन्ही वेळा एकाच खुणेपर्यंत असते. ड्रमवर त्यांनी खिळ्याने रेघ मारून ठेवली आहे.

मग दिनक्रम विचारला. शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. दिवसपाळीच्या आठवड्यात ड्रम सकाळी भरतो, मामा बागेत गुंततात आणि कॉक दुपारी चारला उघडतात. रातपाळीच्या आठवड्यात रात्री भरून ठेवतात आणि पहाटे सहाला उघडतात.

हे ऐकल्यावर मला काय शोधायचं आहे याचा अंदाज आला. पण अंदाजावर कुणाच्या रोपांचं पाणी बदलू नये. मायक्रोट्यूबचे पाच तुकडे कापून सोबत घेतले.

५ फेब्रुवारी, बुधवार. सोलापूर

पाच तुकडे, प्रत्येकी बरोबर एक मीटर. दुकानात आतला व्यास '१ मिमी' म्हणून सांगतात. तो खरंच किती आहे हे मोजायला मी शिकवते त्या तंत्रनिकेतनात साधन नाही, कारण इतक्या बारीक भोकात कॅलिपरचं टोक जात नाही. म्हणून उलट्या बाजूने गेले. नळी कोरडी असताना वजन करायचं, मग पाण्याने भरून वजन करायचं. फरक म्हणजे आत मावलेलं पाणी. आतला व्यास नेमका १ मिमी असेल तर एक मीटर नळीत ०.७८५ ग्रॅम पाणी बसायला हवं.

आमचा तराजू इतकं बारीक दाखवत नाही. ओळखीच्या सराफांकडे गेले. ते शांतपणे एकेक नळी गुंडाळून पारड्यात ठेवत गेले आणि मी लिहीत गेले: ०.७४, ०.७९, ०.८१, ०.७७, ०.८५ ग्रॅम. काचेच्या पेटीतला तो तराजू श्वासानेही हलतो, त्यामुळे प्रत्येक नळीला तीन वेळा थांबून आकडा घेतला. नळीच्या टोकाला लोंबणारा एक थेंब राहिला तरी पाच शतांश ग्रॅमची चूक होते, म्हणून टोकं टिपकागदाने टिपली.

व्यासात काढलं तर सर्वांत बारीक ०.९७ मिमी आणि सर्वांत मोठी १.०४ मिमी. फरक डोळ्याला दिसणारा नाही. पण अशा नळीतून प्रवाह सरळ थरांत वाहत असेल तर पाणी व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. आत मावलेलं वजन व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे पाणी वजनाच्या वर्गाने वाढणार. ०.८५ चा वर्ग भागिले ०.७४ चा वर्ग: १.३२. एकाच गुंडाळीतल्या दोन नळ्या, आणि एक दुसरीपेक्षा ३२ टक्के जास्त पाणी देणार. काही पिशव्या कायम ओल्या का असतात याचं अर्धं उत्तर इथेच आहे. चोक वगैरे काही नाही.

पण त्याने दुपार आणि पहाट यांतला फरक सुटत नाही. क्रमांक २ ची नळी (०.७९ ग्रॅम) व्यासाने नेमक्या मापाच्या सर्वांत जवळ आहे. यापुढे संदर्भासाठी तीच वापरायची.

१२ फेब्रुवारी, बुधवार. प्रयोगशाळा

मामांना आकडे सांगून पटणार नाही आणि माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही पटत नाही. नळीत पाणी कसं वाहतं हे दिसलं पाहिजे. आमच्या प्रयोगशाळेतल्या रेनॉल्ड्सच्या उपकरणाची (नळीतला प्रवाह शांत की खळबळता हे रंगाच्या रेघेने दाखवणारं) काचनळी फुटून बरेच दिवस झाले, म्हणून ते नव्याने उभं करायला घेतलं.

सामान असं: ५० लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा. त्याच्या भिंतीला भोक पाडून ठिबकच्या दुकानातला रबरी ग्रोमेट बसवला आणि त्यातून काचनळी आडवी बाहेर काढली. नळीचा आतला व्यास १० मिमी, लांबी १.२ मीटर. डब्यातल्या टोकाला नरसाळं कापून घंटेसारखं तोंड दिलं, पाणी कडेला न आपटता आत शिरावं म्हणून. रंगासाठी पोटॅशियम परमँगनेटचं फिकं द्रावण सलाईनच्या बाटलीत भरलं. सलाईनच्या सेटची चकती फिरवली की रंग थेंबाथेंबाने कमीजास्त होतो. सुई नरसाळ्याच्या बरोबर मध्यावर आणली. नळीच्या दुसऱ्या टोकाला कॉक, खाली मोजपात्र.

हिशेब सोपा ठेवला. रेनॉल्ड्स अंक म्हणजे वेग गुणिले व्यास, भागिले पाण्याची शुद्धगतिक श्यानता (श्यानता म्हणजे दाटपणा, ती घनतेने भागलेली). माझ्या नळीसाठी आणि २५° से. पाण्यासाठी तो असा बसतो: ५०० मिलि भरायला लागलेल्या सेकंदांनी ७१,३०० ला भागायचं. मुलांनी फळ्यावर एवढंच लिहिलं.

कॉक थोडा उघडला, ७५ सेकंद, अंक ९५०. जांभळी रेघ नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुईतल्या दोऱ्यासारखी. एका मुलीने नळीला कान लावला, मग म्हणाली, "मॅडम, हे वाहतंय का थांबलंय?" वाहतच होतं, खाली मोजपात्र भरत होतं. पाण्याचे थर एकमेकांवरून सरकतात, एकमेकांत शिरत नाहीत. पुस्तकात याला स्तरीय प्रवाह म्हणतात, वर्गात आम्ही लॅमिनार म्हणतो.

कॉक आणखी उघडला. ३८ सेकंदांच्या आसपास, म्हणजे अंक १,८७६ असताना, रेघ दूरच्या टोकाकडे नागमोडी झाली, तुटली आणि नळीभर फिकट गुलाबी रंग पसरला. हा टर्ब्युलंट, खळबळता प्रवाह. मुलं खूश. मी खूश नव्हते. आम्ही डबा भरून दहाच मिनिटांत प्रयोग सुरू केला होता आणि डब्यातलं पाणी अजून आतल्या आत फिरत होतं. २,००० च्या खाली असा गोंधळ नळीत टिकायला नको, तो वाटेतच विरतो. पण त्याला विरायला लांबी लागते आणि माझी नळी आखूड आहे. उद्या घाई न करता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी डबा भरून झाकून ठेवला. दोन तास कुणी टेबलाला हात लावायचा नाही असं सांगितलं. पंखे बंद.

दुपारी कॉक उघडला. ३६ सेकंद: सरळ. ३० सेकंद, अंक २,३७६: सरळ. २४ सेकंद: सरळ. १७ सेकंद, अंक जवळजवळ ४,२००: रेघ अजून सरळ, फक्त सुईजवळ किंचित थरथर. त्यापुढे मात्र एकदम फुटली.

मग परत मागे आले, ३० सेकंदांवर रेघ सरळ केली आणि नळीच्या सुरुवातीला पेन्सिलने एक टिचकी मारली. त्या जागी रंगाचा एक गुबार उठला. तो तसाच अखंड, हातभर लांबीचा, नळीतून वाहत पुढे गेला आणि बाहेर पडला. त्याच्या मागे रेघ पुन्हा दोऱ्यासारखी सरळ. दहा वेळा टिचकी मारली, दहा वेळा हेच. मग प्रवाह कमी केला, ४५ सेकंदांवर, अंक १,५८४. टिचकी मारली. गुबार उठला, पण नळीच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत विरघळून गेला.

मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. पुस्तकात २,००० हा आकडा वेशीसारखा छापलेला असतो, अलीकडे लॅमिनार, पलीकडे टर्ब्युलंट. प्रत्यक्षात त्या आकड्याच्या खाली पाणी धक्का पचवतं आणि वर गेल्यावर पचवू शकत नाही. धक्काच लागला नाही तर वरही शांत राहतं.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात हे केलं तेव्हा त्यांची टाकी सहा फूट लांब होती, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल. नळ्या जवळजवळ पाच फुटांच्या, व्यास एक इंच, अर्धा इंच आणि पाव इंच. आत शिरायला वार्निश लावलेल्या लाकडाची तुतारीसारखी तोंडं. पाणी तासन् तास स्थिर होऊ द्यायचे. अशा काळजीने त्यांनी सुमारे १२,००० पर्यंत रेघ सरळ ठेवली. फुटलेला रंग साध्या डोळ्याला नुसता धुरकट दिसे, पण विजेच्या ठिणगीच्या क्षणभर उजेडात पाहिला तर त्यात वेगवेगळे भोवरे दिसले, असं त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. पुढे त्याच उपकरणावर मँचेस्टरमध्ये प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो आकडा गाठता आला नाही, रस्त्यावरच्या वाहनांची थरथर आड आली. आमच्या खिडकीखालून ट्रॅक्टर गेला तेव्हा माझीही रेघ हलली होती.

या अंकाला रेनॉल्ड्सचं नाव १९०८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड यांनी दिलं. आणि २,००० च्या आसपास नेमकं कुठे टर्ब्युलन्स स्वतःच्या बळावर टिकू लागतो हे अगदी अलीकडे, २०११ मध्ये, लांबच लांब नळ्यांत असे गुबार मोजून ठरवलं गेलं: २,०४०. म्हणजे १२८ वर्षं लागली.

मुलांनी मोबाइलवर टिचकीचा व्हिडिओ काढला आहे. मामांना दाखवायचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार. मळा, दुपारी ४

दिवसपाळीचा आठवडा. ड्रममध्ये दोरीला बांधून तापमापक सोडला: ३६° से. ड्रम उन्हात आहे आणि काळा आहे, एवढं पुरे.

क्रमांक २ ची नळी लॅटरलला लावली, सरळ ताणून टोक मोजपात्रात सोडलं. पातळी खिळ्याच्या रेघेवर राहावी म्हणून मामा मगाने ड्रममध्ये भर घालत राहिले. दहा मिनिटं मोजली. २९८ मिलि. पुन्हा: २९९. पुन्हा: २९७.

व्हिडिओ दाखवला. मामांनी तो चार वेळा पाहिला. मग विचारलं, "आपल्या नळीत ह्यातलं कुठलं?" मी सांगितलं, सरळ रेघेचं. १ मिमीच्या नळीत आत्ता अंक सुमारे ८९० आहे, टिचक्या मारल्या तरी रेघ फुटणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. पहाटे ६

अंधार होता, विजेरीच्या उजेडात मोजलं. ड्रममधलं पाणी २२° से. तीच नळी, तीच उंची, तीच पातळी. दहा मिनिटांत २२४ मिलि. पुन्हा: २२५. पुन्हा: २२३.

२९८ भागिले २२४: १.३३. दुपारी तिसरा हिस्सा जास्त पाणी.

अर्ध्या तासाचा हिशेब केला तर पहाटे पिशवीला ६७२ मिलि मिळतं, दुपारी ८९४. फरक २२२ मिलि. एवढ्याशा पिशवीत रोज एक फुलपात्रभर पाणी जादा. मामी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांच्या हातातल्या फुलपात्राकडे बोट दाखवून मामा म्हणाले, "हे एवढं! मी म्हनत हुतो का न्हाई?"

ते म्हणत होते. तीन महिने म्हणत होते आणि कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

कारण आता लिहून ठेवते. लॅमिनार प्रवाहात पाण्याला अडवणारी एकच गोष्ट असते, थराला थराचं घासणं, म्हणजे श्यानता. गार पाणी दाट असतं, गरम पाणी पातळ. तेल तापवलं की पळीतून भरभर पडतं तसंच, फक्त पाण्याच्या बाबतीत ते नजरेला येत नाही. २२° ला पाण्याची श्यानता ०.९५५ सेंटिपॉइज आहे, ३६° ला ०.७०५. भागाकार १.३५. नळीतून येणारं पाणी याच प्रमाणात वाढायला हवं.

माझं आलं १.३३. उरलेल्या फरकाचाही हिशेब लागतो. टोकातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला वेग असतो, त्या वेगासाठी थोडा दाब खर्च होतो आणि दुपारी वेग जास्त म्हणून तो खर्चही जास्त. दीड मीटरमधले चार-पाच सेंटिमीटर. तेवढं वजा केलं की आकडा जुळतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सोलापूर

रात्री एक गोष्ट करून पाहिली आणि झोप उडाली.

बारीक नळीतल्या प्रवाहाचा नियम पॉइझय यांनी मांडला. ते पॅरिसचे डॉक्टर. शरीरातल्या सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त कसं जातं हे समजून घ्यायला त्यांनी केसासारख्या काचनळ्यांतून पाणी सोडून मोजलं. जर्मनीत हागेन या अभियंत्याने स्वतंत्रपणे हेच १८३९ मध्ये मांडलं होतं, म्हणून नाव दोघांचं. आपण शिकवताना चौथा घात सांगतो आणि पुढे जातो. पण पॉइझय यांच्या मूळ सूत्रात तापमानही होतं. श्यानता हा शब्द त्यांनी वापरला नाही, त्यांनी थेट लिहिलं की प्रवाह या बेरजेच्या प्रमाणात वाढतो: १, अधिक ०.०३३६८ गुणिले तापमान, अधिक ०.०००२२१ गुणिले तापमानाचा वर्ग.

माझे आकडे घातले. २२° साठी १.८४८. ३६° साठी २.४९९. भागाकार १.३५.

आजच्या तक्त्यातून काढलेलं उत्तरही १.३५. १८४० च्या दशकातल्या पॅरिसमधल्या एका डॉक्टरने मोजून ठेवलेले आकडे सांगोल्यातल्या ड्रमला तंतोतंत लागू पडतात. त्यांनी किती काळजीने मोजलं असेल! मला सराफांच्या पेटीतला तराजू आठवला.

२ मार्च, रविवार. मळा

आज तुलना. मायक्रोट्यूबच्या शेजारी लॅटरलवर चक्रव्यूहाचा ड्रिपर लावला. हा एका वातावरणाच्या आसपास दाबाला, म्हणजे १० मीटर उंचीला, ताशी ४ लिटर देणारा. दीड मीटर उंचीवर वर्गमुळाच्या हिशेबाने ताशी दीड लिटर द्यायला हवा, म्हणजे मायक्रोट्यूबच्या जवळपास.

एक जुना ड्रिपर ब्लेडने चिरून मामांना आतला मार्ग दाखवला. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या पट्टीत करवतीच्या दात्यांसारखी वळणं, एकामागून एक. पाणी एका दात्यावर आपटतं, वळतं, दुसऱ्यावर आपटतं. सरळ नळीत इतक्या हळू वाहणारं पाणी शांत राहिलं असतं. इथे अंक पाचशेच्या घरात असूनही ते प्रत्येक कोपऱ्यात भोवरा धरतं. २,००० चा नियम सरळ, गोल नळीचा आहे, वाकड्या वाटेला तो लावायचा नाही. ही चूक मुलं परीक्षेत हमखास करतात.

आकडे, दहा मिनिटांचे:

पहाटे, २२°: मायक्रोट्यूब २२४, ड्रिपर २५६ मिलि.
दुपारी, ३६°: मायक्रोट्यूब २९८, ड्रिपर २६२ मिलि.

एकीकडे ३३ टक्के वाढ, दुसरीकडे सव्वादोन. भोवऱ्यांमध्ये ऊर्जा पाण्याच्या आपटण्यात आणि घुसळण्यात जाते, दाटपणाला तिथे फारसं विचारत नाही कुणी.

पहाटेच एकदा लॅटरल उचलून नळीचं टोक वर आणलं होतं, उंची अर्धी केली, ७५ सेंमी. मायक्रोट्यूब ११४ वर आली, म्हणजे निम्म्याच्या जवळ. ड्रिपर १८१ वर, म्हणजे ७१ टक्के. लॅमिनारमध्ये पाणी दाबाच्या सरळ प्रमाणात, टर्ब्युलंटमध्ये दाबाच्या वर्गमुळाच्या. ड्रममधली पातळी अर्ध्या तासात पंधरा-सोळा सेंमी उतरते, रानात चढउतार असतो, लॅटरलच्या शेवटी दाब कमी होतो. या सगळ्याचा फटका ड्रिपरला निम्मा बसतो. ठिबकच्या सुरुवातीच्या काळात, इस्रायलमध्ये सिमखा ब्लास या अभियंत्याने बारीक भोकाऐवजी लांब वाट वापरली ती चोक टाळण्यासाठी. पुढे त्या वाटेला दाते आले आणि प्रवाह मुद्दाम खळबळता केला गेला. त्या खळबळीत गाळाचे कणही बसत नाहीत, पुढे ढकलले जातात. खळबळ म्हणजे बिघाड असं समजायची आपली सवय आहे, इथे तिच्यावर अख्ख्या बागा उभ्या आहेत.

मामांनी ड्रिपरचा भाव विचारला. साठ ड्रिपर, शिवाय बारीक जाळीचा फिल्टर. "डाळिंब इकल्यावर बघू," म्हणाले. रास्त आहे. तोवर फुकटात काय करता येईल ते करू.

९ मार्च, रविवार

फुकटातले उपाय दोन. पहिला: पाणी गरम असेल त्या दिवशी वेळ कमी. ३० भागिले १.३३, साडेबावीस मिनिटं. दुसरा मामांनीच काढला. काल त्यांनी ड्रमला चुन्याचे दोन हात दिले. आज दुपारी चारला पाणी ३१°. मोजलं, २७० मिलि. म्हणजे पहाटेपेक्षा २१ टक्के जास्त, आधीच्या ३३ ऐवजी. चुन्याच्या ड्रमला वेळ २५ मिनिटं.

नळ्यांची अदलाबदलही केली. साठही नळ्यांखाली एकेक मोजपात्र ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून साठ एकसारखे प्लास्टिकचे पेले लावले आणि पाच मिनिटांनी पाहिलं. सर्वांत जास्त भरलेल्या आठ नळ्या काढून त्यांच्या जागी थोड्या लांब नळ्या टाकल्या. लॅमिनार प्रवाहात लांबी वाढवली की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, हा मायक्रोट्यूबचा गुण. कात्री आणि टेप घेऊन पाणी जुळवता येतं. ड्रिपरमध्ये हे करता येत नाही.

निघताना मामांनी दुसराच विषय काढला. विहिरीवरून बागेपर्यंत ६३ मिमीची ४०० मीटर पीव्हीसी लाइन आहे. मोठी मोटर टाकली तर पाणी दुप्पट येईल का? वहीतच हिशेब केला. आत्ता सेकंदाला अडीच लिटर येतं, अंक जवळजवळ ६९,०००, म्हणजे पक्का टर्ब्युलंट. घर्षणात सहा मीटर उंची जाते. पाणी दुप्पट करायला गेलं तर हीच सहा मीटर वीसवर जाते, कारण इथे तोटा प्रवाहाच्या पावणेदोन घाताने वाढतो. त्यापेक्षा पाइप ७५ मिमीचा केला तर आहे त्या पाण्याला तोटा सहावरून अडीच मीटरवर येतो. मोटरच्या आधी पाइपाचा विचार करा, एवढं सांगितलं. आणि हो, त्या लाइनमध्ये पाणी गरम आहे की गार याने फारसं बिघडत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

सणाला सगळे मळ्यात. रोपवाटिकेत आधी गेले. सत्तावन्न रोपं टिकली आहेत, तीन गेली, ती तीनही फेब्रुवारीतच कुजायला लागलेली. उरलेल्यांना लालसर कोवळी पालवी आहे. शेवाळ वाळून पापुद्र्यासारखं निघतं.

ड्रमच्या पांढऱ्या चुन्यावर मामांनी कोळशाने लिहिलंय: 'पहाट ३०, दुपार २५'. त्याच्या खाली एक तिसरी ओळ आहे, ती मी सांगितलेली नाही: 'लई ऊन २३'. विचारलं तर म्हणाले, गेल्या आठवड्यात तापमापक ३५ दाखवत होता, चुना दिला तरी. मग त्यांनी पेल्यात पाच मिनिटं पाणी धरलं, पहाटेच्या पेल्याशी ताडून पाहिलं आणि वेळ स्वतःच ठरवली.

मी पॉइझयच्या बेरजेने ३५° काढून पाहिलं. २२° च्या १.३३ पट, त्यातून तोंडाशी जाणारा खर्च वजा केला तर सुमारे १.३. तीस मिनिटांची बरोबर तेवीस होतात.

पुढच्या खेपेला: पेल्यांचं मोजमाप मे महिन्याच्या उन्हात पुन्हा, आणि एका ओळीला दहा ड्रिपर लावून शेजारच्या ओळीशी रोपांच्या उंचीची तुलना. तापमापक मामांकडेच ठेवला.